जुना ट्रॅक्टर : सहा व्होल्टांवरून बारा व्होल्टांकडे

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९४७ ते १९५२ या काळात निर्माण केलेले ‘एट एन’ ट्रॅक्टर तेथील लहान शेतांवर आजही काम करताना आढळतात. त्यांची विद्युत् व्यवस्था सहा व्होल्टांची असून बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होईनासे झाले, की मालकाच्या मनात बारा व्होल्टांचा विचार येऊ लागतो.

त्यामागील गणित सरळ आहे. तेवढीच शक्ती पोहोचवावयाची, तर दाब दुप्पट केल्यावर विद्युत्‌प्रवाह निम्मा पुरतो आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती एक चतुर्थांशावर येते. शिवाय बारा व्होल्टांची बॅटरी व दिवे कोठेही मिळतात.

मग केवळ बॅटरी बदलून का भागू नये, असे कोणी विचारील. बहुधा जुन्या जनित्राच्या जागी आल्टरनेटर बसविला जातो. त्यासाठी बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडावे लागते. ही अदलाबदल राहून गेली, तर आल्टरनेटरमधील डायोड क्षणार्धात जळतात. अॅमीटरच्या तारा उलटवल्या नाहीत, तर बॅटरी प्रभारित होत असताना काटा नेमके विपरीत सांगत राहतो! बल्ब तर बदललेच पाहिजेत.

परंतु खरी हानी होते ती ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची. सहा व्होल्टांच्या कॉइलमधून दुप्पट प्रवाह वाहू लागला, की ती तापते आणि डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटही जळतात. म्हणून बारा व्होल्टांची कॉइल घ्यावी किंवा मार्गात योग्य रोधक बसवावा. या जातीच्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढील अंगास असून कॉइल त्याच्याच माथ्यावर बसते. तेथे मूळचा रोधक राखून दुसरा जोडण्याची रीत आहे. स्टार्टर मात्र सहसा तोच ठेवतात. तो अधिक वेगाने फिरतो. क्षणभर चालविल्यास बिघडत नाही, मात्र दीर्घकाळ फिरवत ठेवल्यास त्याची वेटोळी जळू शकतात.

इतका खटाटोप करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. सहा व्होल्टांना जाड केबल लागते. पुष्कळदा पूर्वीच्या कोणी मोटारगाडीची बारीक केबल लावून ठेवलेली असते, टोकांवर गंज चढलेला असतो आणि सांगाड्याच्या जोडावर रंगाचा थर असतो. जोडात एक व्होल्ट हरवला, तर सहांतील सहावा हिस्सा गेला. जाड केबल घालून, टोके घासून, जोडावरील रंग खरवडून प्रथम इंजिन सुरू करून पाहावे.