साष्टीचे शिवार : डोंगर, खाचर आणि मिठागर
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी भाताच्या वाणांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. तेही बोलणार आहे. पण त्याआधी अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड या गावांची हकिगत सांगतो. होय, गावेच म्हणतो. आपल्यापैकी पनवेल, उरण, भिवंडी, वसईकडून आलेल्यांना त्याचे कारण सांगायला नको. तुमच्या बांधापर्यंत मुंबई येऊन पोहोचली आहे.

ही उपनगरे ज्या बेटावर वसली त्याचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे बेट म्हणून षट्षष्टी, आणि त्याचे साष्टी, अशी व्युत्पत्ती सांगतात. मधोमध डोंगर. आज तिथे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या त्याच डोंगरातल्या. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते. डोंगरउतारावर वरकस, खाली भातखाचरे, त्याखाली खाजण व मिठागरे आणि शेवटी खाडी. आपल्या ठाणे-रायगडच्या कोणत्याही खाडीकाठच्या गावाचा उतार पाहा, असाच दिसेल.

या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. विद्यार्थ्यांना तिथे नेले की मी मूर्तींच्या आधी पोढी दाखवतो. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पन्हळी कोरून पाणी साठवावे लागले, कारण उरलेले आठ महिने कोरडे. कोकणची शेती आजही इथेच अडते. तिथल्या शिलालेखांत भिक्षुसंघाला शेतजमीन दान दिल्याची नोंद आहे. त्यातले एक शेत मागाठाण्याचे. आज मागाठाण्यात शेत शोधून सापडणार नाही.

१५३४ साली साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. राज्ये बदलली तरी भात, मीठ आणि मासळी ही कमाई बदलली नाही. बदल आणला तो रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातूनच धावली. पाठोपाठ शहराला पाणी हवे झाले. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ च्या सुमारास पवई तलाव झाला. डोंगराचे पाणी शहराकडे वळले, आणि माझ्या मते शिवाराचे भवितव्य तिथेच ठरले. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत महापालिकेची हद्द सरकली. पुढे कारखाने आले, १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ आले.

मात्र शहर म्हणजे केवळ नुकसान असे मी म्हणणार नाही. शहरातले म्हशींचे गोठे हलवून १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत वसवली गेली. ती दारा खुरोडी यांच्या खटपटीने झाली. मुंबईला दूध कमी पडे म्हणून ते गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातून येऊ लागले, आणि आणंदची सहकारी डेअरी याच बाजारावर उभी राहिली. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना एकत्र मिळाला. दूध विकणारा वाढला. भात पिकवून जमीन विकणारा मात्र पैसे संपल्यावर दुसऱ्याच्या दारात उभा राहिला.

आता खाडीकडे येतो. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत उधाणाचे पाणी आत घेत, एका खणातून दुसऱ्यात फिरवून उन्हात आटवत. आगरी समाजाचे नाव या आगरांवरूनच पडले असे मानतात. त्यांतली पुष्कळ आगरे आज ओस आहेत. पण पाणी पसरायला ती जागा होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीच्या काठी भराव आणि वस्ती झालेली, त्यात भरतीची वेळ. पुढचे आपण जाणता.

आता तुमच्या बांधाचे. खारभूमीतले काही शेतकरी मला सांगतात, "सर, जमीन विकायचीच आहे, बांधाला कशाला खर्च?" हा हिशेब चुकतो. बांध फुटून भरतीचे पाणी आत खेळू लागले की काही वर्षांतच खारफुटी रुजते. खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे. मग ती जमीन पिकतही नाही आणि अपेक्षित भावाला विकतही नाही. खाडीकडची खारफुटी राखा, ती बांधाचे लाटांपासून रक्षण करते. आतली येऊ द्यायची नसेल तर बांध राखा.

भात कापल्यावर ओल आहे तोवर नांगरट करा, म्हणजे उन्हाळ्यात क्षार वर चढणार नाहीत. पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाचरात कोंडून ओहोटीला उघाडीवाटे सोडा. असे दोन-तीनदा करा. रोपवाटिका गोड्या जमिनीत घ्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण क्षार सोसणारे आहेत. रोपे थोडी जून झाल्यावर लावा आणि एका चुडात नेहमीपेक्षा दोन रोपे जास्त ठेवा.

उघाडीची झडप मे महिन्यातच तपासून घ्यावी. जूनमध्ये ती गाळात बसलेली असते आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. मातीचा नमुना आणणार असाल तर बांधालगतचा आणि शेताच्या मधला असे दोन वेगळे आणा. दोहोंच्या क्षारतेत बराच फरक असतो.