कच्चं मडकं



डॅनियल डीफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली प्रसिद्ध झाली. जहाज फुटून क्रूसो बेटावर फेकला गेला ती तारीख कादंबरीत ३० सप्टेंबर १६५९ अशी आहे. ३० सप्टेंबर म्हटलं की आपल्या जिल्ह्याला १९९३ची भूकंपाची पहाट आणि सास्तूर आठवतं. सोबतचे सगळे गेले, मग मीच का उरलो, हा क्रूसोचा प्रश्न आपल्याकडे कितीतरी घरांनी सोसला आहे.

पण तेरच्या गोरोबाकाका कुंभारांच्या मुलखात उभं राहून मला या कादंबरीतलं मडकं जास्त खुणावतं. क्रूसोला कुंभारकाम येत नव्हतं. काही भांडी स्वतःच्याच भारानं बसली, काही उन्हानं तडकली. दोन महिने खपून हाती आले दोन बेढब रांजण. मग एकदा विस्तवात फुटक्या भांड्याचा तुकडा सापडला, दगडासारखा टणक, कौलासारखा लाल. तुकडा भाजतो तर अख्खं भांडंही भाजेल! चाक नाही, भट्टी नाही. त्यानं भांडी एकावर एक रचली, भोवती लाकडं पेटवली आणि रात्रभर जाळ राखला. सकाळी ती निवेपर्यंतही त्याला धीर नव्हता. त्यातच पाणी ओतून मांस शिजत घातलं. कौतुक करायला जवळ चिटपाखरू नसताना तो इतका हरखतो! बापाचं न ऐकता घर सोडलेल्या सुखवस्तू मुलाला आपल्या हातांची ओळख इथं पटते.

हात पक्के झाले. माणूस?

गोरोबांच्या घरी संत जमले होते, ती कथा आपण जाणताच. थापटण्यानं मडकं पारखतात, तशी आमची डोकीही पारखा, असं मुक्ताबाई म्हणाल्या. बाकीचे शांत बसले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विठ्ठलाशी एकांतात बोलणाऱ्या नामदेवांना आपलं कच्चेपण कळायला चारचौघांत बसून थापटणं सोसावं लागलं. आत्मशोधाची सगळी भिस्त एकांतावर ठेवणाऱ्यांनी ही कथा पुन्हा ऐकावी, असं मला मनापासून वाटतं.

क्रूसोवर तशी थाप पडते ती पंधरा वर्षांनी. वाळूत एका अनवाणी पावलाचा ठसा दिसतो. माणसासाठी तळमळणारा हा माणूस पळत आपल्या कोटात शिरतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुंपणं मोडावीत, शेळ्या रानात सोडाव्यात, पिकवलेलं शेत उकरून टाकावं, म्हणजे कुणाला माग लागणार नाही, असंही त्याच्या मनात येतं.

आणखी एक गोष्ट आपल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून बहुधा गळते. क्रूसोचं फुटलेलं ते जहाज गिनीहून गुलाम आणायला निघालेलं होतं. बेटावर तापात बायबल वाचून क्रूसोला पश्चात्ताप होतो, तो बापाची आज्ञा मोडल्याचा. त्या व्यापाराचा नव्हे. कैदेतून आपल्याबरोबर निसटलेल्या झुरी या पोराला त्यानं एका कप्तानाला विकलं होतं. त्याची आठवण येते, ती कामाला हात अपुरे पडतात म्हणून.

अखेर फ्रायडे येतो. इतक्या वर्षांनी बोलायला माणूस मिळतो. क्रूसो त्याचं नाव ठरवतो आणि स्वतःचं नाव म्हणून त्याला ‘मालक’ हा शब्द शिकवतो. त्याचं मूळ नाव काय, हे तो एकदाही विचारत नाही.