बुडेल ते बी

गाढी नदीला पूर आला म्हणजे मणभराचा ओंडका तरंगत पनवेलकडे येतो, आणि एवढासा खिळा मात्र पाण्यात टाकताच बुडतो. जड कोण? ओंडकाच. पण ओंडक्याएवढ्या जागेतले पाणी तोलले, तर ते ओंडक्याहून जास्त भरेल. खिळ्याएवढे पाणी खिळ्याहून कमी. ठरावीक जागेत किती वस्तुमान मावले, तिला घनता म्हणतात.

आता भाताचे बी बघा. भरलेला दाणा आणि पोचट दाणा वरून सारखेच. साध्या पाण्यात अगदी पोकळ तेवढे वर येतात. अर्धवट भरलेला लबाड तळाशी जाऊन बसतो. म्हणून १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे. पाण्याची घनता वाढते आणि पुष्कळसे लबाड वर येतात. बी ओता, ढवळा, थांबा. तरंगते काढून टाका. तळचे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा (हे विसरू नका हं, मीठ राहिले तर उगवण बिघडते) आणि सावलीत वाळवा.

पण बुडाले ते उगवेलच, असे नाही. जुने बीसुद्धा बुडते! म्हणून पेरणीच्या पंधरा दिवस आधी पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ घ्या, मिसळा. त्यातले १०० दाणे न निवडता ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल राखा. आठ-दहा दिवसांनी कोंब मोजा. प्रमाणित बियाण्याला ८० तरी लागतात. ६०च निघाले तर दुसरे बी शोधायला वेळ असतो. राबात पेरल्यावर कळले, तर रोहिणी निघून गेलेल्या असतात.