सातांची संघटना, चौघांचा संसार: एफ्टाची गोष्ट

आजच्या भागात एका अशा संघटनेबद्दल बोलू, जिचं नाव तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल आणि अंगठ्याने वर सरकवून पुढे गेला असाल. एफ्टा. म्हणजे युरोपियन फ्री ट्रेड असोसिएशन. आज तिच्यात चारच देश आहेत: स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टनस्टाइन. चौघांची लोकसंख्या मिळून दीड कोटीच्या आसपास. आपल्या मुंबई महानगरात याहून जास्त माणसं राहतात!

मी सॉफ्टवेअरवाला, अर्थशास्त्र काही शिकलेलो नाही. पण या संघटनेची रचना मला भारी वाटते. कारण तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: एकत्र यायचं, पण किती?

तर सुरुवात करू १९५७ पासून. त्या वर्षी मार्चमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोममध्ये करार केला. त्यातून आजच्या युरोपियन युनियनची पायाभरणी झाली. आपसातलं आयात शुल्क काढायचं, आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांनी एकच शुल्क लावायचं, असं ठरलं. याला म्हणतात कस्टम्स युनियन.

ब्रिटनला हे नको होतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडून येणारं स्वस्त धान्य, लोणी त्यांना सोडायचं नव्हतं. स्वीडन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया हे तटस्थ देश, त्यांना राजकीय गटात अडकायचं नव्हतं. ब्रिटनने आधी अख्ख्या पश्चिम युरोपसाठी सैलसर मुक्त व्यापार क्षेत्राचा प्रस्ताव मांडला, पण १९५८ च्या अखेरीस फ्रान्सने तो हाणून पाडला. मग बाहेर राहिलेल्या सात जणांनी स्वतःचीच मोट बांधली. ब्रिटन, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल. ४ जानेवारी १९६० ला स्टॉकहोम करारावर सही झाली आणि ३ मे पासून तो लागू झाला.

आता यातली खरी गंमत. एफ्टात आपसातलं शुल्क काढायचं, पण बाहेरच्या जगाशी कसं वागायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. ऐकायला मस्त. पण लगेच एक भोक दिसतं. समजा, बाहेरच्या मालावर एका सदस्य देशात ५ टक्के शुल्क आहे आणि दुसऱ्यात २० टक्के. मग व्यापारी काय करणार? ५ टक्केवाल्या दारातून माल आत आणणार आणि तिथून फुकटात २० टक्केवाल्या देशात नेणार! हे भोक बुजवायला त्यांनी मूळस्थानाचे नियम केले. ढोबळमानाने सांगायचं तर, वस्तूच्या निर्यात किमतीत बाहेरच्या कच्च्या मालाचा वाटा ५० टक्क्यांपर्यंतच असेल, तर ती ‘आपली’. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं, पण सोबत कागदपत्रं आली.

आणि हे चाललं, बरं का! सदस्यांनी आपसातल्या औद्योगिक मालावरचं शुल्क १९६६ च्या अखेरीस काढून टाकलं, ठरल्यापेक्षा तीन वर्षं आधी. १९६१ मध्ये फिनलंड सहयोगी म्हणून आला, १९७० मध्ये आइसलँड सदस्य झाला.

पण घरातला सगळ्यात मोठा भिडूच एक पाय दाराबाहेर ठेवून होता. एफ्टा सुरू होऊन सव्वा वर्ष झालं नाही, तोच १९६१ मध्ये ब्रिटनने त्या सहा देशांच्या गटात जायला अर्ज केला. १९६३ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी नकार दिला, म्हणून ब्रिटन राहिला. १९६४ मध्ये तर परकीय चलनाची चणचण आली तेव्हा ब्रिटनने आयातीवर १५ टक्के अधिभार लावला, तोही एफ्टातल्या भागीदारांच्या मालासकट! करार काय म्हणतो ते गेलं बाजूला. छोटे देश भडकले, पण अधिभार पूर्ण जायला दोन वर्षं लागली.

शेवटी १९७३ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्क गेले. १९८६ मध्ये पोर्तुगाल. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया, स्वीडन आणि फिनलंड. मधल्या काळात, १९९१ मध्ये, लिक्टनस्टाइन आला. उरले चार.

मग ही संघटना संपली का नाही? मला वाटतं, सैल गाठीमुळे. गाठ सैल होती म्हणून लोक सहज गेले, आणि तशी होती म्हणूनच ते गेल्यावरही काही फाटलं नाही. ब्रिटन बाहेर पडताना उरलेल्या देशांनी तिकडच्या गटाशी एकेक करून मुक्त व्यापार करार केले, त्यामुळे शुल्काच्या भिंती परत उभ्या राहिल्या नाहीत.

पण बाहेर राहण्याचीही किंमत असते. १९९४ पासून नॉर्वे, आइसलँड आणि नंतर लिक्टनस्टाइनही युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहेत. युरोपची बाजारपेठ खुली मिळते, पण तिचे नियम पाळावे लागतात, आणि ते ठरताना यांना मत नसतं. नॉर्वेत याला टोमणा मारून ‘फॅक्स डेमॉक्रसी’ म्हणतात: ब्रुसेल्सहून कागद येणार, आपण अंमल करायचा. स्वित्झर्लंडच्या जनतेने डिसेंबर १९९२ च्या सार्वमतात हे नाकारलं, तेही जेमतेम ५०.३ टक्क्यांनी. त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयावर वेगळी बोलणी करत बसावं लागलं.

आता आपल्याशी संबंध. १० मार्च २०२४ ला भारताने या चौघांशी करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं आणि १० लाख थेट नोकऱ्यांचं उद्दिष्ट लिहिलंय. गुंतवणुकीवर एवढा भर का? एक कारण मला असं दिसतं: स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं शुल्क सगळ्या जगासाठीच काढून टाकलंय. मग तिथे आपल्याला वेगळी सवलत ती काय मिळणार? आपण मात्र दुग्धजन्य पदार्थ या सवलतीबाहेर ठेवले.

म्हणून पुढच्या वेळी ‘मुक्त व्यापार करार झाला’ अशी बातमी आली की शुल्क किती कमी झालं एवढंच बघू नका. तीन प्रश्न विचारा: नियम कोण ठरवणार? ते ठरताना आपल्याला खुर्ची आहे का? आणि उद्या मोठ्या भिडूने शब्द फिरवला तर काय? १९६४ मध्ये छोट्या देशांकडे या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं, खुर्ची मोठी की मोकळीक? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, मजेत राहा!