सर्वांस एकच चाक

साताऱ्याहून सांगलीस जाणाऱ्या मोटारीच्या चाकाला किती प्रकारच्या भूमीशी गाठ घालावी लागते, याचा विचार आत बसलेला प्रवासी सहसा करीत नाही. कराडपर्यंत डांबरी सडक; पुढे कृष्णाकाठच्या शेतवाटेस लागले की पावसाळ्यात चाकास लोळागोळा होऊन चिकटणारी काळी माती. पूर्वेस माणदेशाकडे किंवा जतकडे वळावे, तर मुरूम आणि टोकदार खडी; पश्चिमेस कासच्या पठाराकडे चढावे, तर तांबडा जांभा, शेवाळ आणि धुके. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकास लालबुंद तापवलेली लोखंडी धाव चढवीत, आणि ती एकच धाव या सर्व वाटा तुडवी. बैलांची चाल सावकाश, म्हणून ते निभावून गेले. मोटारीस वेग आला, धावेच्या जागी रबर आले, आणि कोणत्या भूमीस कोणता टायर हा प्रश्न उत्पन्न झाला. ‘रॅली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारशर्यतीत तर जयापजय पुष्कळदा याच प्रश्नावर ठरतो. तो टायर कोणी पुरवावा व कोणत्या नियमाने पुरवावा, याविषयी त्या क्षेत्रात जो वाद चालत आला आहे, त्याचा आज विचार करावयाचा आहे.

रॅली म्हणजे वर्तुळाकार मार्गावर फेऱ्या घालण्याची शर्यत नव्हे. नेहमीच्या रहदारीचे रस्ते, घाट आणि रानवाटा काही तासांपुरत्या बंद करतात, आणि ठराविक वेळाच्या अंतराने एकेक मोटार सोडतात. प्रतिस्पर्धी शेजारी दिसत नाही; त्याची भेट घड्याळातच व्हावयाची. चालकाजवळ बसलेला सहचालक पुढील वळणांचे टिपण वाचून दाखवीत असतो. शर्यतीच्या टप्प्यात टायर फुटला, तर त्या दोघांनीच उतरून तो बदलावयाचा, आणि त्यात गेलेली मिनिटे त्यांच्याच खात्यावर पडतात. आपल्या प्रांतासही हा खेळ अगदी अपरिचित नाही. मुंबईचे नाझिर हुसेन यांनी १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली. नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरलेली आहे, आणि पुण्याचे संजय टकले २०२५ साली डाकार क्लासिक या शर्यतीत उतरले होते.

एवढ्या वेगाने धावणारी मोटार भूमीस टेकते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. मऊ रबर भूमीस घट्ट धरते, परंतु लवकर झिजते. कठीण रबर टिकते, परंतु निसरड्या जागी दगा देते. सुट्या खडीवर खोल खाचांचा टायर हवा, कोरड्या डांबरावर जवळजवळ सपाट, तर बर्फावर लोखंडी खिळे बसवलेला. सकाळी ओला असलेला घाट दुपारी कोरडा झाला, की सकाळची निवड चुकीची ठरते.

टायर तयार करणारे कारखानदार शर्यतीत शिरले ते यामुळेच, आणि फार लवकर शिरले. हवेने फुगवलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतले होते, पण त्याचा प्रसार झाला नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप यांनी १८८८ साली तोच शोध नव्याने लावला. पुढे १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशा सुमारे बाराशे किलोमीटरांच्या शर्यतीत फ्रान्सचे मिशेलिन बंधू हवेचे टायर लावलेली मोटार घेऊन स्वतःच उतरले. वाटेत टायर वारंवार फुटले आणि नेमलेल्या मुदतीत त्यांची मोटार पोचली नाही. तथापि हवेवर बसून मोटार एवढा पल्ला गाठू शकते, हे सर्वांनी पाहिले. शर्यत ही कारखानदाराची प्रयोगशाळाही असते आणि दुकानाची पाटीही असते, हे तेव्हापासून ठरून गेले.

जागतिक रॅली अजिंक्यपदाची स्पर्धा १९७३ साली सुरू झाली. टायरचे कारखानदार एकमेकांशी झुंजू लागले, की प्रत्येकजण नवनवे रबर शोधतो. त्याचा लाभ पुढे सामान्य मोटारीसही होतो. परंतु खर्च वाढत जातो, आणि उत्तम माल साहजिकच ज्या संघाच्या विजयाने जाहिरात होईल त्या संघाकडे आधी जातो. लहान संघाचा चालक कितीही कुशल असला, तरी त्याच्या चाकास दुय्यम रबर येते. यावर उपाय म्हणून नियामक महासंघाने २००८ सालापासून तीन वर्षांकरिता इटलीच्या पिरेली या एकाच कारखान्याचे टायर सर्व प्रमुख संघांस सक्तीचे केले. टायरच्या पोटात विशिष्ट फेस भरून, भोक पडल्यावरही धावत राहण्याची जी सोय होती, तीही त्या वेळी बंद झाली. २०११ साली दार पुन्हा उघडले आणि मिशेलिन परत आली. २०२१ ते २०२४ पुन्हा एकटी पिरेली, आणि २०२५ पासून तीन वर्षांकरिता दक्षिण कोरियाची हँकूक, असा हा लंबक हलत राहिला आहे.

या नियमाचा गुण उघड आहे. टायरचे प्रकार मोजके, प्रत्येक चालकास मिळणारी संख्या मर्यादित, आणि प्रत्येक टायरवर ओळखीचा पट्टेदार क्रमांक. मग पैशाने वेगळे रबर विकत घेता येत नाही. आज जपून चालवावे की उद्याकरिता राखून ठेवावे, हा हिशेब चालकाच्या बुद्धीवर येतो. मग कसोटी थैलीपेक्षा हाताची होते.

परंतु याची दुसरी बाजू आहे, आणि ती शहरातील कोणत्याही पालकास चटकन समजेल. शाळेतील सर्व मुलांचा गणवेश एक असावा, हे न्याय्य आहे; त्यामुळे श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एका बाकावर सारखे दिसते. परंतु तो गणवेश एकाच दुकानातून घ्यावा, ही आज्ञा निराळी. पहिल्या नियमाने मुलाचे रक्षण होते, दुसऱ्याने दुकानदाराचे. रॅलीतील एकाच टायरच्या नियमात या दोन्ही गोष्टी एका मोटेत बांधलेल्या आहेत, आणि म्हणून तो नियम तपासून पाहणे अगत्याचे आहे.

याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. मद्रासेस १९४६ साली मॅमन माप्पिळ्ळै यांनी खेळण्यातील फुगे करण्याचा लहानसा उद्योग काढला, त्यातून एम. आर. एफ. हा टायरचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच्या संघातून गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ साली आशिया-पॅसिफिक रॅलीचे अजिंक्यपद मिळवले. पुढे युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, जेथे निरनिराळ्या कारखान्यांच्या टायरांना मुभा होती, तेथे हा कारखाना शिरला. आणि २०२२ साली स्पेनचे एफ्रेन यारेना त्याच्याच टायरांवर युरोपचे विजेते झाले. तेथेही एकाच पुरवठादाराचा नियम असता, तर मद्रासच्या रबराची परीक्षा त्या वाटांवर झालीच नसती. जो दाराबाहेर ठेवला जातो त्यास आपली योग्यता सिद्ध करता येत नाही, आणि मग सिद्ध केली नाही म्हणून तो बाहेरच राहतो.

उलट, केवळ साधन समान केल्याने सर्व समान होते असेही नव्हे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे चरित्र या बाबतीत बोलके आहे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सर्व मल्लांस एकच गादी होती. नियमाने पाहता पूर्ण समता. परंतु खाशाबांची सारी कसरत आखाड्याच्या तांबड्या मातीत झालेली, आणि गादी त्यांच्या पायांस नवी. त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याकरिता कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणले. पायाखालची गादी सर्वांस एक होती. तिच्याशी परिचय होण्याची संधी आणि तेथवर पोचण्याचा खर्च मात्र एक नव्हता.

तीच गोष्ट टायरची आहे. मोठ्या कारखान्याचा संघ त्या नेमलेल्या टायरवर दिवसचे दिवस सराव करतो. एकट्याच्या हिमतीवर आलेल्या चालकास शर्यतीच्या दिवशीच त्याची खरी ओळख होते. अशा एकट्याने जिंकल्याची उदाहरणे नाहीत असे नव्हे. केनियात वाढलेले जोगिंदर सिंग यांनी १९६५ सालची सफारी रॅली आपल्या बंधूस सोबत घेऊन, वापरलेली जुनी व्होल्वो मोटार चालवून, मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांवर मात करून जिंकली. परंतु असे यश विरळा, आणि अपवादाच्या भरवशावर नियम बांधता येत नाही.

म्हणून एकच टायर असावा की अनेक असावेत, एवढ्याच प्रश्नावर थांबून भागत नाही. एकच ठेवावयाचा असेल, तर त्याची किंमत लहान स्पर्धकास झेपेल अशी बांधून द्यावी. सरावासाठी तो सर्वांस सारख्या सवलतीने मिळावा. आणि मक्त्याची मुदत संपताच नव्या कारखान्यास खुली परीक्षा द्यावी. वाटपाचे काम पुरवठादाराच्या हाती न ठेवता पंचाच्या हाती असावे. २०२५ साली पुरवठादार हँकूक कोरियाचा आणि स्पर्धेतील ह्युंदाईही कोरियाची. यात दोष आहे असे नव्हे, परंतु अशा वेळी पंचाचा काटेकोरपणा इतरांस डोळ्यांनी दिसावा लागतो. आणि अनेक टायर ठेवावयाचे असतील, तर जो टायर सर्वांस विकत मिळत नाही तो कोणासच लावू देऊ नये.

उद्या विट्याचा किंवा कोरेगावचा एखादा तरुण, घरच्या शेतवाटांवर हात बसवून, अशा शर्यतीत उतरू म्हणेल. नियमावलीतील समतेचे कलम तो वाचीलच. परंतु त्याआधी तो दुकानदारास विचारील की चार टायर फुटल्यावर पाचवा कितीला मिळेल. त्या उत्तरावर तो शर्यतीत राहील की रस्त्याच्या कडेस उभा राहून इतरांची धूळ पाहील, हे ठरावयाचे आहे.