प्रशिक्षकाचा अधिकार आणि बालखेळाडूंची सुरक्षा

इंग्लंडमधील कनिष्ठ फुटबॉलमध्ये प्रशिक्षकांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचा प्रश्न नोव्हेंबर 2016 मध्ये, माजी व्यावसायिक खेळाडू अँडी वूडवर्ड यांनी क्रू अलेक्झांड्रा क्लबमधील आपले बालपणीचे अनुभव जाहीरपणे मांडल्यानंतर, चव्हाट्यावर आला. तेथील फुटबॉल असोसिएशनने ज्येष्ठ विधिज्ञ क्लाइव्ह शेल्डन यांच्याकडे चौकशी सोपवली आणि 1970 ते 2005 या काळाचा धांडोळा घेणारा त्यांचा अहवाल मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. संघात कोणाला घ्यायचे हे प्रशिक्षकाच्या हाती असल्याने मूल त्याला दुखवण्यास धजत नसे, आणि मुलाचे भवितव्य घडेल या आशेने पालक त्याला प्रशिक्षकाच्या घरी मुक्कामालाही विश्वासाने पाठवत. हा विश्वासच अत्याचाऱ्याच्या पथ्यावर पडे. ऑक्टोबर 1995 ते मे 2000 या काळात, धोक्याची जाणीव झालेली असूनही, असोसिएशनने मुलांच्या रक्षणासाठी पुरेशी पावले उचलली नाहीत, असा ठपका अहवालाने ठेवला, आणि तो सौम्य म्हणता येणार नाही. आज तेथे प्रशिक्षकांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते आणि मुलांच्या क्लबांत ‘वेल्फेअर ऑफिसर’, म्हणजे मुलांच्या सुरक्षेविषयीच्या तक्रारींची दखल घेणारी जबाबदार व्यक्ती, नेमली जाते. भारतात 2012 चा पोक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. त्यामुळे क्लबची बदनामी नको म्हणून प्रकरण आपसांत दडपणारा पदाधिकारीही शिक्षेस पात्र ठरू शकतो.