पचमढी : बसून आणि चालून
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, पचमढीस किती दिवस राहावे, असा प्रश्न मला पुष्कळदा विचारण्यात येतो. आम्हां इंदूरकरांना ते गाव फार दूर नाही. सुटी लागली की ओळखीच्या घरांपैकी एखादे घर तिकडे निघतेच, आणि निघण्यापूर्वी हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी उलट विचारते, ‘‘तुम्ही बसणार आहात की चालणार आहात?’’ प्रश्न ऐकून माणसे हसतात. परंतु माझा प्रश्न थट्टेचा नसतो. बसणाऱ्यास पचमढी दीड दिवसात संपते. चालणाऱ्यास मात्र ती आठ दिवसांतही पुरती होत नाही. मी ती दोन्ही प्रकारांनी पाहिली आहे. म्हणून हे अधिकाराने नव्हे, तरी अनुभवाने सांगू शकते.

प्रथम मार्गाविषयी थोडेसे. जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने रात्री इंदूर सोडावे आणि उत्तररात्री पिपरियास उतरावे. तेथून पचमढी सुमारे ५० किलोमीटर. मटकुली गावापाशी देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि हवा बदलू लागते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट उंचीवर, बशीसारख्या पसरट पठारावर वसले आहे. भोवती मोठी शिखरे. त्यांपैकी धूपगड सुमारे १,३५० मीटर उंच. साऱ्या सातपुड्यात त्याहून उंच शिखर नाही.

आपल्यासारख्यांचा डोळा सह्याद्रीस सरावलेला असतो. डोंगर म्हटला की काळा कातळ आणि त्याच्या एकावर एक रचलेल्या पायऱ्या, हे चित्र आपल्या मनात ठरून गेले आहे. पचमढीचा दगड निराळा. तो लालसर वालुकाश्म आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी प्राचीन नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरांवर थर साचून घट्ट झाली, तिचा हा खडक. पाणी त्यात सहज शिरते, त्याला पोखरते, चिरते. म्हणूनच येथे सरळ तुटलेले कडे, अरुंद खोल घळी आणि गुहा यांची एवढी समृद्धी. हांडी खोह नावाची घळ तीनशे फूट खोल आहे. महादेवाने एका दुष्ट सर्पास तेथे कोंडून ठेवले अशी कथा सांगतात. वरून खाली पाहिले म्हणजे त्या कथेवर अविश्वास दाखविण्याचे धैर्य होत नाही.

पहिल्या खेपेस आम्ही, म्हणजे मी, यजमान आणि मुले, बसून पचमढी पाहिली. गाडी ठरविली, वनखात्याचा परवाना काढला, आणि गाडीवानाने हाती एक यादी दिली. त्या यादीत स्थळे नव्हती, ‘पॉइंट’ होते. प्रत्येक पॉइंटाला वेळ नेमलेला. पांडव गुंफा, पंधरा मिनिटे. जटाशंकर, अर्धा तास. धूपगडाचा सूर्यास्त शेवटी, कारण त्यानंतर अंधार होतो आणि दिवसाचा करार संपतो. तो गृहस्थ वाईट नव्हता. त्याला दिवसातून दोन कुटुंबे फिरवावयाची असत. परंतु घरी आल्यावर छायाचित्रे पाहताना कोणता धबधबा कोणता, यावर आमच्यात वाद झाला आणि तो निकालात निघाला नाही.

त्या फेरीत प्रियदर्शिनी नावाच्या ठिकाणी आम्ही थांबलो होतो. पूर्वी त्यास फॉरसिथ पॉइंट म्हणत. कॅप्टन जेम्स फॉरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६२ साली पचमढीचा ‘शोध’ लावला, असे तेथे प्रत्येक प्रवाशास सांगितले जाते. फॉरसिथ हा निःसंशय मोठा भटक्या आणि चांगला लेखक. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते आजही वाचनीय आहे. त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ आजही उभे असून त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. पुढे मध्यप्रांताचे सरकार दर उन्हाळ्यात नागपूरचा ताप चुकवून येथे मुक्कामास येऊ लागले. बंगले, चर्च, छावणी, सारे त्या ओघाने आले.

पण ‘शोध’ हा शब्द मला तेव्हाच खटकला, आणि पुढे जसजसे वाचले तसतसा अधिक खटकू लागला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच महादेवाच्या डोंगरांत आश्रयास राहिले होते. येथील गोंड आणि कोरकू ठाकुरांनी त्यांना कित्येक महिने दडवून ठेवले. १८१९ च्या आरंभी ते येथून निघून अशीरगडाकडे गेले. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांत शिरले. त्यांना साहाय्य करणारा हर्राकोटचा जहागीरदार भभूतसिंह त्यानंतरही इंग्रजांशी झुंजत राहिला आणि अखेर प्राणांस मुकला. २०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरली, तेव्हा येथील अभयारण्यास त्याचे नाव देण्याचे जाहीर झाले. आणि या सर्वांच्या आधीपासून महादेवाची यात्रा चालू होती. खुद्द फॉरसिथनेच आपल्या पुस्तकात त्या मोठ्या यात्रेचे वर्णन केले आहे. हजारो माणसे ज्या वाटेने दरसाल येत होती, ती वाट एकाने घोड्यावर बसून पाहिली आणि ती ‘सापडली’! असो.

ती वाट मला दाखविली माझ्या मावशीने. माझे माहेर अमरावतीचे. वऱ्हाडात, नागपूर प्रांतात पचमढी हे नाव फारसे कोणी घेत नाही. तेथे म्हणतात, ‘महादेवाला जायचं आहे.’ थंड हवेचे ठिकाण म्हणून कोणी तेथे जात नाही. नवस फेडण्यास जातात, महादेवाची गाणी म्हणत जातात, आणि खांद्यावर लोखंडाचा त्रिशूळ घेऊन जातात. मावशीचाही असा नवस होता. धाकट्या नातवाच्या दुखण्यात ती तो बोलली होती. मुलगा बरा झाला, वर्षे उलटली, आणि नवस राहूनच गेला. अडुसष्टाव्या वर्षी तिने तो फेडण्याचे मनात आणले आणि सोबतीस मला बोलाविले. मी मोठ्या जाणतेपणाने म्हटले, ‘‘मावशी, मी सगळी पचमढी पाहिली आहे. चौरागड तेवढा राहिला. गाडी तिथं जात नाही.’’

मावशी म्हणाली, ‘‘पोरी, देव पाहाले पायानंच जा लागते.’’

चौरागड हे शिखर तेराशे मीटरांहून उंच. महाशिवरात्रीस तेथे अफाट गर्दी होते. म्हणून आम्ही आठ दिवस आधी गेलो. बडा महादेव या गुहेपर्यंत वाहन जाते. त्या गुहेत छतातून अखंड पाणी ठिबकत असते. जवळच गुप्त महादेवाची चीर आहे. तीत अंग तिरके करून, एका वेळी मोजक्याच माणसांना शिरता येते. तेथून पुढे सारी पायवाट, आणि शेवटी तेराशेंवर पायऱ्या.

आम्हांस वर पोहोचावयास पाच तास लागले. तरुण माणसे दोन-अडीच तासांत जातात. त्रिशूळ फार मोठा नव्हता, अडीच किलोंचा असेल. परंतु चढणीवर अडीच किलोदेखील बोलू लागतात. मी तो घेऊ म्हटले, तर मावशीने दिला नाही. दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर ती बसे, आणि ती बसली की मलाही बसावे लागे. त्या बसण्याउठण्यात मला प्रथमच पचमढी दिसली. एका ठिकाणी झाडांच्या शेंड्यांतून शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेले. तांबूस-करड्या रंगाचे, झुपकेदार शेपटीचे. आणखी वर गेल्यावर खालच्या रानाचे दोन रंग वेगळे दिसू लागले. मागून येणाऱ्या एका कोरकू म्हाताऱ्याने सांगितले की एक साग आणि दुसरा साल. पूर्वेकडच्या सालवनांचा हा तुटून एकटा उरलेला तुकडा सागाच्या मुलखात उभा आहे, ही गोष्ट मी नंतर पुस्तकात वाचली. म्हाताऱ्याने ती बोटाने दाखविली होती. त्याच्याशी बोलताना आणखी एक उलगडा झाला. आमच्या मेळघाटातले कोरकू आणि हे कोरकू एकच. महादेवाच्या या स्थानांची रखवाली पिढ्यान्‌पिढ्या कोरकू ठाकुरांकडे असे. म्हणजे मावशी ज्यांच्या देवाला निघाली होती, ते तिच्या जिल्ह्यातलेच शेजारी निघाले.

शिखरावर मंदिराभोवती त्रिशूळांचा ढीग आहे. ढीग हा शब्दही अपुरा. बोटाएवढ्या त्रिशुळापासून चार माणसांनी मिळून वाहून आणलेल्या मणामणाच्या त्रिशुळांपर्यंत सारे लोखंड एकात एक गुंतून उभे आहे; वरचे चकाकणारे, खालचे गंजून मातीस मिळालेले. मावशीने आपला त्रिशूळ त्यात टेकविला. फार वेळ ती काही बोलली नाही. मग तिने पदराने तोंड पुसले आणि भाकरी सोडली.

ती परतल्यानंतर मी चार दिवस मागे राहिले आणि जुन्या यादीतली स्थळे पुन्हा, पायी पाहिली. जटाशंकर बाजारापासून इतके जवळ आहे की तेथे गाडीने जाणे म्हणजे शेजारच्या घरी टांगा करून जाण्यासारखे आहे. अप्सरा विहाराच्या डोहापाशी गर्दी असते. तेथून थोडे पुढे चालत गेले की साडेतीनशे फुटांवरून कोसळणारा रजत प्रपात दिसतो, आणि निम्मी गर्दी तेवढेही चालत नाही. पांडव गुंफांना लोक पांडवांचे नाव देतात, गावाचे नावही या पाच मढ्यांवरूनच पडले असे म्हणतात. अभ्यासक मात्र त्या बौद्ध भिक्षूंच्या मानतात. धूपगडावर सूर्यास्तास जत्रा भरते. सूर्योदयास आम्ही तिघेच होतो.

सर्वांत अधिक वेळ मी दिला तो शैलाश्रयांस. पचमढीच्या परिसरात प्राचीन माणसाने रंगविलेल्या कपारी पुष्कळ आहेत. १९३० नंतरच्या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. येथील चित्रांत मध काढणारी माणसे आहेत. शिडीवर चढलेला माणूस, वर पोळे, भोवती माश्यांचे ठिपके. या डोंगरांतला माणूस आजही मध काढतो. मात्र श्रोतेहो, एक विनंती. या चित्रांवर पाणी शिंपडून रंग उजळवू नका, आणि आपली नावे तेथे कोरू नका. मी पाहिलेल्या एका कपारीत धनुर्धराच्या पोटावर कोणा प्रेमिकांची दोन नावे कोळशाने लिहिलेली होती.

यात्रेचे मी गुणगान केले म्हणून तिचे सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. चौरागडाच्या वाटेवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या मी इतक्या पाहिल्या की काही ठिकाणी मातीच दिसेना. पायी चालणारा माणूस आपोआप सज्जन होत नाही. हे रान १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९९ मध्ये पचमढी जीवावरण क्षेत्र जाहीर झाले, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला. वाघाच्या घरातून ही वाट जाते. म्हणून वनखाते निर्बंध घालते, आणि भाविक कुरकुरतात. मला दोघांचेही दुःख समजते. पण पुडी टाकणाऱ्याचा हात धरण्यास वनरक्षक पुरे पडणार नाहीत. तो हात शेजारून चालणाऱ्यानेच धरला पाहिजे. परत उतरताना मावशीने एका धिप्पाड तरुणास त्याची बाटली उचलावयास लावली. ‘‘देवाच्या अंगणात टाकतं का रे?’’ एवढेच ती म्हणाली. त्याने मुकाट्याने उचलली.

यापुढे माझ्या मनात नागद्वारीची वाट आहे. धूपगडाच्या पलीकडे, सात डोंगर चढून-उतरून जावयाचे. एरवी ते रान सर्वस्वी बंद असते. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवस मात्र यात्रेकरूंसाठी उघडते. पाऊस, चिखल, शेवाळलेले दगड आणि विदर्भातून लोटलेली माणसांची रांग. मावशीचे गुडघे आता साथ देत नाहीत. तिने मला सांगितले आहे की काठी शिसवीची घे, वहाण नवी घालू नकोस, आणि फुटाणे जास्त ठेव, वाटेत कोणी ना कोणी मागतेच.